चौथी ब मधली चहाडीबंदी

चौथी ब च्या वर्गात चहाडी करायला बंदी होती. ही बंदी मीच घातली होती आणि मला तिचा अभिमान होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात, डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्याच्या आत एक मराठी शाळा, वर्गात एकसष्ट मुलं. प्रत्येकाने दिवसातून दोनदा जरी "बाई, हा बघा ना" म्हटलं तरी बाईंनी शिकवायचं कधी, असा माझा साधा सवाल होता.

नियम असा होता. जो कुणाचं नाव सांगायला येईल, त्याने आधी स्वतः अर्धा तास फळ्याशेजारी उभं राहायचं. अर्धा तास संपला की मी विचारणार, "हं, आता सांग, काय तक्रार आहे?" तोवर तक्रार उरलेली नसे. मूल म्हणे, "काही नाही बाई," आणि जागेवर जाऊन बसे. जूनमध्ये रोज चार-पाच जण फळ्याशेजारी दिसत, गणपती येईपर्यंत एकही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझ्या वर्गात चालत नसे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नव्या शिक्षिकांना माझा वर्ग दाखवायला आणत. "बघा, कशी चिडीचूप बसतात," असं म्हणत. मी तेव्हा मुद्दाम फळ्याकडे तोंड करून लिहीत असे, म्हणजे चेहऱ्यावरचा आनंद दिसू नये.

या नियमाखाली मी त्या वर्षी एका मुलीला उभं केलं, तिच्यासाठी हे लिहिते आहे.

ती दुसऱ्या बाकावर बसायची. नऊ वर्षांची, अबोल, वह्यांना खाकी कव्हरं, पाढे मागितले त्याच्या पुढचे दोन जास्त म्हणून दाखवणारी. तिने कधी कुणाचं नाव सांगितलं नव्हतं. गणपतीच्या सुट्टीनंतर एकदा मी टेबलावर वह्या तपासत होते, तेव्हा ती येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्याकडे माझे मामा राहतात ना, त्यांच्याकडे मला अभ्यासाला बसायचं नाहीये."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "आता मामांचं नाव सांगतेस? घरात अभ्यास घेणारं माणूस आहे हे नशीब समज. जा, उभी राहा."

ती उभी राहिली. मी भागाकार शिकवला. अर्ध्या तासाने विचारलं, तेव्हा ती नेहमीसारखं म्हणाली, "काही नाही बाई." मी म्हटलं, "शहाणी." मी हा शब्द वापरला हे मला पक्कं आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर ठाण्याला शिक्षिकांसाठी दोन दिवसांचं शिबिर निघालं. मुलांशी कुणी नको तसं वागलं, तर ते मुलांना ओळखता यावं आणि सांगता यावं, हे कसं शिकवायचं, असा विषय होता. शाळेने एक जण पाठवायचा होता. विषय कळल्याबरोबर स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या घरी पाहुणे आले. माझं माहेर कळव्याला, त्यामुळे मी सोयीची ठरले. विषय मला बिनकामाचा वाटला होता, पण दोन दिवस आईच्या हातचं जेवण मिळणार होतं.

शिबिर घेणाऱ्या बाई मुलांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, आणि भाजीवाल्याशी बोलावं तितका रोजचा आवाज. त्यांनी आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं, की डोक्यापासून पायापर्यंत शरीराच्या भागांची नावं मोठ्याने म्हणा. आम्ही बत्तीस जणी होतो. डोकं, कपाळ, डोळे, नाक, असं करत पोटापर्यंत आमचा आवाज खणखणीत होता. पोटानंतर एकदम गुडघे आले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मधे काहीच नाही वाटतं?"

मधे काहीतरी असावं, कारण आमच्यातल्या एकीच्या मांडीवर सात महिन्यांचं मूल होतं. मला आमच्या वर्गातला तक्ता आठवला. त्यातला मुलगाही पोटाशी संपतो, मग चड्डी, मग गुडघे. "ज्या गोष्टीला तुम्ही नावच दिलं नाही, ती मुलाने सांगायची कशी?" डॉक्टरबाईंनी विचारलं आणि त्या पुढच्या मुद्द्याकडे गेल्या.

एका बाईंनी शंका काढली, की हे प्रकार वस्तीबिस्तीत होत असतील, आपल्याकडे कशाला शिकवायचे? डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझ्याकडे येणारी मुलं तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरातली असतात. आणि करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. ज्याला मुलांनी वाकून नमस्कार करावा असा." दुसऱ्या एकीने विचारलं, की हे फक्त मुलींना शिकवायचं ना? त्यांनी सांगितलं, मुलांनाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. मूल खरी गोष्ट एकदम सांगत नाही. आधी एक लहानसं वाक्य टाकून बघतं. मला त्यांच्याकडे जायचं नाही, मला ते आवडत नाहीत, एवढंच. मोठं माणूस त्या वाक्याचं काय करतं ते मूल बघतं, आणि पुढचं सांगायचं की नाही ते ठरवतं. मी पट्टी लावून याखाली रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर मला दुसऱ्या बाकावरची मुलगी आठवली.

समोसे आले. मी हात लावला नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "उपास का गं?" मी हो म्हटलं. मंगळवार होता, त्यामुळे खपून गेलं.

शिबिर संपल्यावर मी डॉक्टरबाईंना गाठलं आणि म्हटलं, "एका शिक्षिकेकडून असं असं झालंय." त्यांनी ऐकून घेतलं. कुठली शिक्षिका ते विचारलं नाही. म्हणाल्या, "त्या बाईंना सांगा, मुलीला एकटीला बोलावून उलटतपासणी घेऊ नका. ती आणखी मिटेल. आधी तिला ऐकणारं माणूस दिसू दे. आणि हे लवकर करायला सांगा." मग एका कागदावर स्वतःचा फोन नंबर लिहून दिला. तो त्या काल्पनिक बाईंसाठी होता, मी पर्समध्ये ठेवला.

मोठ्या बाईंनी परवानगी दिली, पण वेळापत्रकात विषयाचं नाव नको म्हणाल्या. कार्यानुभवाचा तास घ्या, फळ्यावर काही लिहू नका आणि पालकांच्या कानावर जाऊ देऊ नका. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, पण शिबिराच्या आधी मीही हेच म्हटलं असतं. कार्यानुभवाला आम्ही कागदी फुलं करत होतो. तेव्हा टेबलावर क्रेपचे कागद आणि डिंकाची बाटली मांडून मी वर्गाला सांगितलं, की आपल्या अंगाचे काही भाग फक्त आपले असतात. त्यांची नावं सांगितली. माझे कान गरम झाले होते. मुलं आधी खुसखुसली, आणि मग हात वर व्हायला लागले.

"बाई, आजीने पप्पी घेतली तर?"

"तुला आवडते का?"

"हो, पण तिची तपकीर लागते."

"बाई, डॉक्टरकाकांनी कमरेत इंजेक्शन दिलं तर नाही म्हणायचं का?" हा प्रश्न तेरा जणांना एकदम पडला होता. मी सांगितलं, की आई बरोबर असेल आणि औषधासाठी असेल तर चालतं. वर्गाची निराशा झाली. मग मी तीन गोष्टी पाठ करून घेतल्या: नाही म्हणायचं, तिथून निघायचं, आणि सांगायचं. खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाय, मी त चावीन त्याला." मी म्हटलं, चालेल.

ती दुसऱ्या बाकावरची मुलगी ऐकत होती. तिने हात वर केला नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते, आणि टाळते आहे हे तिला कळू नये म्हणून बाकी सगळ्यांकडेही बघायचं टाळत होते.

शिबिरात दाखवला होता तो एक खेळ मी शेवटी घेतला. कागदावर आपला डावा पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवायचा आणि प्रत्येक बोटावर एका माणसाचं नाव लिहायचं. काही झालं तर आपण ज्याला सांगू असं माणूस. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला. एकसष्ट पंजे गोळा करून मी घरी नेले आणि संध्याकाळी कुकर लावून वाचायला बसले.

आई, बाबा, आजी, ताई, शेजारच्या काकू. एकाने गणपती लिहिला होता. एकाने कुत्र्याचं नाव लिहून कंसात "तो कोणाला सांगत नाही" असंही लिहिलं होतं. तीनशेच्या वर बोटं मी दोनदा बघितली. "बाई" असं एकाही बोटावर नव्हतं. दिवसाचे पाच तास मुलं माझ्यासमोर असायची, आणि काही झालं तर मला सांगावं असं एकालाही वाटलं नव्हतं. त्यात त्यांचं काय चुकलं? मीच त्यांना शिकवलं होतं, आणि माझं शिकवणं चांगलं होतं.

त्या मुलीच्या कागदावर अंगठ्यावर "आई" लिहून खोडलं होतं. रबराने नाही, पेन्सिलीने, कागद फाटेपर्यंत. बाकी चार बोटं कोरी होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "चहाडीचा नियम आजपासून बंद. तो नियम चुकीचा होता. बाईंचं चुकलं." मुलं माझ्याकडे बघत राहिली. बाईंचं चुकू शकतं हा भाग अभ्यासक्रमात नव्हता. मी म्हटलं, "मधल्या सुट्टीत मी इथेच बसणार आहे. ज्याला काही सांगायचंय त्याने यायचं. कुणालाही उभं करणार नाही."

पहिल्या दिवशी दोघं आली, मी खरं बोलते का ते बघायला. दुसऱ्या दिवशी फळ्यापासून दारापर्यंत रांग लागली. जूनपासून साचलेलं सगळं बाहेर पडायला लागलं, आणि काहींनी तर त्याच्या मागचंही आणलं. "बाई, याने दुसरीत असताना माझं वासाचं खोडरबर घेतलंय." "बाई, ही मला जाडी म्हणते." "बाई, तो म्हणतो माझे बाबा गाढव आहेत." एकाने स्वतःचीच तक्रार आणली होती, की त्याने सहलीच्या वेळी खडवलीला नदीत मित्राची चप्पल सोडली होती आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. मी सगळं ऐकलं. खोडरबर परत मिळवून दिलं. ते तोवर वाटाण्याएवढं झालं होतं, पण तक्रारदाराने वास घेऊन तेच असल्याचं सांगितलं. मोठ्या बाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या वर्गाला झालंय काय? मासळीबाजार केलाय नुसता." मी म्हटलं, कार्यानुभव चालू आहे.

आठवडाभर ती मुलगी जागेवर बसून डबा खात मला बघत होती. खोडरबराच्या वेळी तिने खाणं थांबवलं होतं. मला धीर धरवत नव्हता. रोज वाटायचं उठावं, तिला जवळ घ्यावं आणि विचारून टाकावं. डॉक्टरबाईंचं बोलणं आठवून मी खुर्चीला चिकटून बसत होते.

शुक्रवारी ती रांगेत उभी राहिली, सगळ्यात शेवटी. तिचा नंबर येईपर्यंत वर्गात कुणी उरलं नव्हतं. ती बोलली. काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. ते तिने मला सांगितलं होतं. तिचं सांगून झाल्यावर मी शिबिरातलं वाक्य म्हटलं, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझं काहीही चुकलेलं नाही." मग जे शिबिरात नव्हतं तेही म्हटलं, "तू आधी आली होतीस, तेव्हा मी ऐकलं नाही. माझं चुकलं." ती म्हणाली, "हो बाई." घंटा झाली. तिने डबा आवरला. पुढच्या तासाला मी बसूनच शिकवलं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी ऑफिसातून डॉक्टरबाईंना फोन लावला आणि मग तिला घेऊन तिच्या घरी गेले. एक खोली, एक स्वयंपाकघर. तिचे वडील मुंबईला नोकरीला, सकाळी सहाला निघून रात्री नऊला येणारे. आई घरी. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मे महिन्यात कोकणातल्या गावाहून आला होता आणि एमआयडीसीत लागला होता. तेव्हा डोंबिवलीत प्रत्येक घरात असं कुणीतरी गावाहून आलेलं असायचंच, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. तो त्या वेळी कामावर होता. मुलीला शेजारच्या काकूंकडे बसवलं आणि मी तिच्या आईला सांगितलं.

मला वाटलं होतं, ती अंगावर येईल, नाहीतर रडेल. तिने गॅस बंद केला. चहा नुकताच उकळायला लागला होता. ती म्हणाली, "मला माहितीये, बाई. ती मला बोललेली."

"कधी?"

"गणपतीच्या आधी. तेव्हा एवढं सगळं नाही बोलली. मामाकडे नको बसवूस, एवढंच. मला कसंतरीच वाटलेलं. पण भाऊ आहे हो माझा, मी कडेवर घेऊन फिरवलाय त्याला. आपलेच दात नि आपलेच ओठ. कोणाला विचारणार? मग मीच तिला म्हटलं, तुझ्या बाईंना सांगून बघ. शिकलेल्या आहेत, त्यांना कळतं. त्या काय म्हणतात ते मला येऊन सांग."

मी तेव्हा वह्यांतून मान वर केली नव्हती.

"ती घरी आली नि म्हणाली, बाईंनी उभं केलं. मला म्हणजे बाई, इतकं बरं वाटलं. म्हटलं, बाईंना काही वाटलं नाही म्हणजे काही नसणारच. मी पण ओरडले तिला. परत मामाचं नाव घेतलंस तर बघ, असं बोललेय मी."

एवढं झाल्यावर ती रडली. मीही रडले. मला तिची दया आली असं म्हणणं खोटं होईल. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती माझ्यावर रागावत नव्हती याचा राग येत होता. ती म्हणत होती, "तुमचं काय चुकलं, बाई?" आपल्याकडे शाळेतल्या बाईंचं काही चुकत नाही.

मग ती उठली आणि भावाची ट्रंक ओढत नेऊन जिन्यात ठेवली. त्याच्या दोरीवरच्या शर्टांची घडी घातली, ते वर ठेवले आणि दाराला आतून कडी लावली. पोलिसांत जायचं का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. आज आहे तसा कायदा तेव्हा नव्हता, आणि मलाही चौकीत जाऊन काय शब्द वापरायचे ते माहीत नव्हते. तो दुसऱ्या दिवशी कल्याणहून एसटीने गावाला गेला. पुढे त्याचं लग्न झाल्याचं कळलं. त्या गावातही मुलं होती, आणि तिथल्या कुणाला मी काही कळवलं नाही. हे माझ्या नावावर आहे. डॉक्टरबाई मात्र पुढचे सहा-सात शनिवार त्या मुलीला ठाण्याला भेटत राहिल्या. आई तिला घेऊन जायची.

डिसेंबरच्या शेवटी स्नेहसंमेलन होतं. जूनपासून एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलांना बक्षीस असायचं, आणि यादी वर्गशिक्षिकेने द्यायची असे. मी हजेरीपट उघडला. चौथी ब मध्ये असं एकच नाव होतं, तिचं. ऑगस्टमध्ये ती तापाने फणफणलेली असतानाही आली होती. मी घरी सोडते म्हटलं तर नको नको म्हणाली होती, आणि मी सगळ्या वर्गाला तिचा आदर्श घ्यायला सांगितलं होतं. मामाची तेव्हा रात्रपाळी असायची आणि तो दिवसभर घरी असायचा.

मोठ्या बाईंनी माइकवर सांगितलं, की या मुलीला शाळेची मनापासून गोडी आहे. पालकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत तिची आई बसली होती. तिचे हात मांडीवरच होते.

जानेवारीत एका सोमवारी हजेरी घेताना तिच्या नावाला "हजर बाई" आलं नाही. मी पुन्हा नाव घेतलं. शेजारच्या मुलीने चिठ्ठी आणून दिली. आईच्या अक्षरात लिहिलं होतं, "हिला थोडी सर्दी आहे. शाळेत जायचं नाही म्हणते, घरी झोपून राहायचं म्हणते. क्षमस्व." मी तिच्या नावासमोर गैरहजेरीची खूण केली. ती जूनपासूनची पहिली होती. पुढचं नाव घ्यायला मला जरा वेळ लागला, तेव्हा वर्गातलं कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्हाला पण सर्दी झालीये."